गोष्ट पुन्हा सांगायची कोणी

गणपतीच्या दिवसांत घरी दर्शनाला आलेल्या मंडळींपैकी कोणीतरी, बहुधा मुंबईहून आलेले, आरती आटोपून प्रसाद हातावर घेतला की मला पडवीच्या कोपऱ्यात बोलावते आणि आवाज खाली आणून विचारते, "ताई, तुमची तर तिकडे ओळख असेल. आमच्या भाचीसाठी एखादे बाळ मिळेल का?" विचारणारी माणसे वाईट नसतात, बहुतेक वेळा ती थकलेली असतात. भाचीने आणि तिच्या नवऱ्याने 'कारा'कडे, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे, नाव नोंदवलेले असते, समाजसेविका घरी येऊन अहवाल करून गेलेली असते, आणि त्यानंतर वर्षे उलटत जातात. कारण रांगेत हजारो जोडपी आहेत आणि त्यांतली बहुतेक दोन वर्षांच्या आतले निरोगी बाळ मागतात. 2024-25 मध्ये देशभरात साडेचार हजारांहून थोडी अधिक दत्तकविधाने झाली आणि हा कित्येक वर्षांतला उच्चांक होता, एवढे सांगितले की रांगेची लांबी वेगळी सांगावी लागत नाही.

माझे उत्तर दर वर्षी तेच असते. ओळखीतून मूल मिळत नाही, आणि मिळाले तर तो गुन्हा असतो. बाल न्याय कायदा, 2015 च्या कलम 81 प्रमाणे मुलाच्या खरेदी-विक्रीला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड आहे, आणि मूल ज्याच्या ताब्यात आहे अशा रुग्णालयाच्या किंवा प्रसूतिगृहाच्या माणसाने ते केले तर शिक्षा तीन ते सात वर्षांची आहे. शिक्षेचा आकडा ऐकून समोरचा माणूस गप्प होतो. पण मला खरे तर त्याला दुसरीच गोष्ट ऐकवायची असते. मूल सांभाळणे शक्य नसलेली आई बालकल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांविषयी निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीपुढे, येऊन ते स्वाधीन करते, तेव्हा तिला फेरविचारासाठी साठ दिवस दिलेले असतात. त्या साठ दिवसांत ती परत येऊन "माझे मूल मला द्या" म्हणू शकते, आणि काही आया खरोखरच येतात. ओळखीतून बाळ मिळवणारा माणूस प्रत्यक्षात तिचे साठ दिवस नेत असतो. ती बाई कोण, ती कोणत्या अडचणीत होती, तिला अजून काय म्हणायचे होते, हे सगळे एका लिफाफ्यात मिटते आणि पुढे ते कोणालाच, त्या मुलालासुद्धा, उघडता येत नाही.

हा प्रश्न माझ्याकडेच येण्याला कारण आहे. कुडाळच्या परिसरात लहान मुलांसाठी नाटके आणि बाहुल्यांचे खेळ करणारी एक संस्था मी चालवते. चालवते म्हणजे काय करायचे ते ठरवते, बसवते, त्यासाठी पैसे मागत फिरते आणि नटांची भांडणे सोडवते. मुलांच्या हक्कांचे काम मी त्याच्याही आधीपासून करते आणि त्याच ओघात बालकल्याण समितीवर तीन वर्षांची एक मुदत सदस्य होते. आणि मी एका मुलीची आई आहे, जिला मी जन्म दिलेला नाही. या तिन्हींचा उल्लेख करून लोक माझ्याविषयी 'तारेवरची कसरत' असे काहीतरी म्हणतात. वेळेची ओढाताण असते, हे मी नाकारत नाही. पण जिथे एकच बाई भाताची लावणी, आंब्याची पेटी, सासूचे औषधपाणी आणि अंगणवाडीची नोकरी एका दिवसात उरकते, त्या मुलखात वेळेचे गाऱ्हाणे मी कोणत्या तोंडाने करावे? माझी खरी अडचण वेळेची नाही. मुलाची गोष्ट हाताळण्याचे नियम या तीन ठिकाणी तीन आहेत, आणि एका दारातून दुसऱ्या दारात जाताना ते नियम चपलांसारखे बाहेर काढून ठेवावे लागतात.

आधी नाटकाविषयी लिहिते. आमच्याकडे नाटकाचे वर्ष कार्तिकात सुरू होते. गावोगावच्या जत्रा लागतात, दशावतारी कंपन्यांचे पेटारे बाहेर पडतात, आणि शिमग्यापर्यंत, पुढे मे महिन्यापर्यंत, रात्रीची झोप हा या कामातल्या माणसांचा विषय राहत नाही. मृग लागला की निम्मे नट शेतात असतात, आणि आमच्या संस्थेच्या तालमी तेव्हा कोणाच्या तरी मांगरात, म्हणजे शेतघरात, कौलांवरच्या पावसाच्या आवाजावर आवाज चढवत होतात. आमच्या कामाला दोन आधार आहेत. एक दशावतार, ज्यात संहिता लिहिलेली नसते. कथानक थोडक्यात ठरते आणि संवाद रंगमंचावर, पेटी-मृदंगाच्या आणि झांजेच्या सोबतीने, नटाच्या तोंडी जन्माला येतात. दुसरा आधार कुडाळजवळच्या पिंगुळीच्या ठाकर समाजाची कला. चित्रकथीच्या पोथीतले एकेक चित्र पुढे धरून वीणा, टाळ आणि हुडुक यांच्या साथीने कथा गायची, कळसूत्री बाहुल्या नाचवायच्या, चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्या पडद्यावर पाडायच्या, ही परंपरा तिथल्या घराण्यांनी टिकवली. तिच्यासाठी परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आमच्या भागातल्या शाळांना बाहुल्यांची अचानक आठवण झाली होती.

दशावतारी नटाला मुलांच्या नाटकात आणणे सोपे नसते. त्याला रात्रभराची ऐसपैस बैठक हवी असते आणि आम्हाला शाळेच्या दोन तासिकांत खेळ संपवायचा असतो. मग तालमी लागतात, आणि तालीम म्हणजे तीच गोष्ट पुन्हा करणे. तेच वाक्य पुन्हा, तोच प्रवेश पुन्हा, "आता रडण्याच्या आधी एक क्षण थांबून बघा" असे सांगून तेच रडणे पुन्हा. दिग्दर्शक म्हणून माझे काम दुसऱ्याकडून पुन्हा करवून घेण्याचे आहे, आणि मला ते येते. नट दमला की अनेकदा चांगले काही सापडते, हेही मला ठाऊक आहे.

याच हातांनी मी मुलांबरोबर शिबिरे घेते. चिरेखाणींवर कर्नाटकातून कामाला आलेल्या कुटुंबांची मुले, हापूसच्या बागांत राखणीला आलेल्या नेपाळी जोडप्यांची मुले, खाडीकाठच्या वाड्यांतली मुले. (वयाचा दाखला नाही म्हणून कोणत्याही मुलाला शाळा नाकारता येत नाही, असे 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याचे कलम 14 सांगते. बागांच्या राखणदारांच्या मुलांसाठी हे कलम मी इतक्या वेळा वाचून दाखवले आहे की काही मुख्याध्यापक मला पाहताच प्रवेशाची वही काढतात, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.) शिबिरात मुलांना आम्ही संवाद देत नाही. एक काठी, एक चादर, दोन बाहुल्या देतो आणि "यांचे घर दाखवा" म्हणतो. बहुतेक मुले भांडण, बाजार, मास्तर आणि मारकी गाय दाखवतात. क्वचित एखादे मूल बाहुलीच्या हातून असे काही करून दाखवते की खोलीतल्या मोठ्या माणसांचा श्वास अडकतो.

त्या क्षणी माझ्यातल्या दोन बायका समोरासमोर येतात. दिग्दर्शिकेला दिसते की हा प्रवेश अस्सल आहे, असे काही कोणाला लिहून जमणार नाही, आणि तिच्या जिभेवर सवयीचे वाक्य तयार असते: "पुन्हा कर बघू." दुसरीला कायदा आठवतो. लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणारा 2012 चा कायदा सांगतो की संशय आला तरी कळवणे बंधनकारक आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यावा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यावा, तिने गणवेश घालू नये, आणि साक्षीसाठी मुलाला न्यायालयात वारंवार बोलावू नये. म्हणजे नाटकाचा पाया जो, पुन्हा पुन्हा करणे, तोच इथे इजा ठरतो. मुलाने एकदा सांगितले, ते ऐकून घ्यायचे. तपशील उकरायचे नाहीत. शिबिर नेहमीसारखे पुढे चालवायचे. आणि जे कळले ते योग्य माणसापर्यंत त्याच दिवशी पोहोचवायचे. त्या प्रवेशाचे पुढे नाटक होत नाही. नाव बदलूनही होत नाही, गाव बदलूनही होत नाही. माझ्या क्षेत्रातली काही चांगली माणसे यावर माझ्याशी वाद घालतात. अशा गोष्टी रंगमंचावर आल्याशिवाय समाज जागा कसा होणार, असे ती विचारतात. माझे म्हणणे इतकेच आहे की समाजाला जागे करण्याचे काम त्या नऊ वर्षांच्या मुलीने अंगावर घेतलेले नाही. गोष्ट रचायला आपल्याला बंदी नाही. तिची गोष्ट उचलायला आहे.

समितीच्या खोलीतला नियम आणखी कडक असतो. अध्यक्ष आणि चार सदस्य, महिन्यातले किमान वीस दिवस बैठक, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार, आणि सापडलेले मूल चोवीस तासांच्या आत समोर आणले जाणे, हा तिचा सांगाडा. या सांगाड्यात बसून, जिल्ह्याच्या ठिकाणी ओरोसला, त्या टेबलामागून मी जे ऐकले, त्यातले इथे काहीही येणार नाही, कारण बाल न्याय कायद्याचे कलम 74 मुलाची ओळख पटेल असे काही उघड करायला मनाई करते आणि आमच्यासारख्या छोट्या जिल्ह्यात वाडीचे आणि धंद्याचे नाव सांगितले तरी ओळख पटते. एवढे मात्र सांगता येईल की तिथे मी गोष्टीशिवाय निर्णय घ्यायला शिकले. लेखकाला आणि दिग्दर्शकाला प्रत्येक वागण्यामागचे कारण हवे असते. त्याशिवाय पात्र उभे राहत नाही. समितीपुढे बसलेल्या मुलाला मात्र आज रात्री कुठे झोपायचे याचे उत्तर हवे असते, आणि ते देण्यासाठी त्याचे सगळे आयुष्य मला माहीत असण्याची गरज नसते. कुतूहल आवरणे हे तिथले सर्वांत अवघड काम होते, सुनावणीच्या फायलींपेक्षा अवघड.

मुलगी माझ्याकडे त्याआधीच आलेली होती. चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी एकट्या पालकाच्या वयाची मर्यादा 50 आहे, आणि मी त्या मर्यादेच्या बरीच आत असताना नोंदणी केली होती. मोठ्या वयाच्या मुलासाठी पालक पुढे येत नाहीत, त्यामुळे माझी वाट पाहण्याची मुदत इतरांच्या मानाने फार लांबली नाही. पडद्यावर एक छायाचित्र, वैद्यकीय अहवाल, बालअभ्यास अहवाल, आणि हो म्हणण्यासाठी अठ्ठेचाळीस तास. आता दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी देतात, सप्टेंबर 2022 पासून. आमच्या वेळी तो न्यायालयाने दिला, बंद दारामागे, कारण अशा सुनावण्या उघड न्यायालयात होत नाहीत. रजेचा प्रश्न मजेशीर होता. 2017 च्या मातृत्व लाभ कायद्यातल्या दुरुस्तीने दत्तक आईला बारा आठवडे दिले, पण मूल तीन महिन्यांच्या आतले असेल तरच. आणि टाकून दिलेले मूल कायद्याने दत्तकासाठी मोकळे व्हायलाच दोन महिने लागतात, मोठ्या मुलाला चार. शाळेच्या वयाची मुलगी घरी आणणाऱ्या आईला त्या कायद्याच्या लेखी रजेची गरज नव्हती. माझ्या संस्थेत रजा मंजूर करणारी मीच होते, म्हणून मला ती मिळाली. आमच्याकडे पुढे दत्तक घेणाऱ्या कोणालाही, मुलाचे वय न पाहता, ती मिळेल असा ठराव त्याच महिन्यात केला.

ती कुठून आली हे मी लिहीत नाही. तिची बोली आमच्याकडची नव्हती, समुद्र तिने पाहिलेला नव्हता, आणि माशांच्या वासाने ती पहिले काही आठवडे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच थांबत असे. आता बांगड्याच्या तिखल्यात तिरफळे कमी पडली तर ती मला ऐकवते. माझ्यासारखीच तीही घरात मालवणी बोलते, फक्त ती माझ्यापेक्षा वेगाने बोलते. तान्ह्या बाळाच्या आईला बाळाची जन्मकथा ठाऊक असते आणि ती बाळाला सांगते. आमच्याकडे उलटे होते. तिची आधीची गोष्ट तिला ठाऊक होती, तुकड्यातुकड्यांनी, आणि मला नव्हती. मला फक्त एकच गोष्ट सांगता येत होती, ती आली त्या दिवसाची. ती मला रोज रात्री सांगावी लागे. पुन्हा सांग, पुन्हा सांग. दिग्दर्शकाला एका सांगण्यात समाधान नसते. मी तिसऱ्या-चौथ्या वेळी त्या दिवसात थोडा पाऊस घातला, गाडीच्या खिडकीत एक कावळा बसवला. ती लगेच उठून बसे. "तसा नाय झाला. पयला तू माका पाणी दिलंस." कावळा चालत नसे. पाऊस चालत नसे. पाणी, मग केळे, मग जिना, मग गाडी, या क्रमात एक शब्द हलवायची मला परवानगी नव्हती. तालमीत पुन्हा करणे माझ्या हुकमाने होते, समितीपुढे पुन्हा विचारणे कायद्याने अडवले होते, आणि घरात पुन्हा सांगणे तिच्या हुकमाने होते. कोण पुन्हा सांगायला लावतो आणि कोणाला, यावर सगळे अवलंबून आहे, हे मला पुस्तकांनी नव्हे, त्या केळ्याने आणि जिन्याने शिकवले.

तिच्या स्वतःच्या तुकड्यांबद्दल मी विचारत नाही. तिने दिले तर घेते. सामाजिक कार्यकर्त्या दर सहा महिन्यांनी, दोन वर्षे, घरी येत. त्यांतल्या एकीने जाताना सांगितले होते की मूल बोलेल ते चूल पेटवताना किंवा गाडी चालवताना, तुम्ही तिच्याकडे पाहत नसाल तेव्हा. तसेच झाले. कसालपासून कुडाळपर्यंतच्या महामार्गावर, माझी नजर रस्त्यावर असताना, मला पुष्कळ काही कळले आहे.

गावाने मात्र तिची गोष्ट मागितली. शेजारच्या काकी पहिल्याच आठवड्यात ओसरीवर बसून निरखत म्हणाल्या, "ह्या चेडू कोणाच्या वळणार गेला गो?" त्यात दुष्टावा नव्हता, आमच्याकडे नाक, कपाळ आणि चालणे यांवरून घर ओळखण्याची पद्धत आहे. "पुण्याचा काम केलंस गो बाय," हे वाक्य तर इतक्या तोंडांतून आले की एकदा मी विचारले, तुमच्या सुनेला मूल झाले तेव्हा तिलाही पुण्य लागले का? दूरच्या चुलत घरांतून वेगळी कुजबुज होती आणि ती सातबाऱ्याची होती. कोकणात सामाईक सातबाऱ्यावर मुंबई-पुण्यातल्या भावकीची इतकी नावे असतात की एका फणसाचे गरे सगळ्यांत वाटायचे म्हटले तर प्रत्येकाला एकसुद्धा येऊ नये. तरी त्या यादीत एक परके नाव येणार, याची काळजी माणसांना झोपू देत नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम 63 प्रमाणे दत्तक मूल सर्व अर्थांनी, वारसाहक्कासकट, पोटचे मूलच ठरते. हे मी एकदा सर्वांसमक्ष मोठ्याने वाचले आणि तो विषय निदान माझ्या कानांपुरता संपला.

देवळात मात्र मला वाचावे लागले नाही. गावकरांनी, म्हणजे देवळाच्या मानकऱ्यांनी, नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणे घातले. "बा देवा म्हाराजा, तुझ्या ह्या लेकराच्या घरात नवा लेकरू इलेला आसा, तेची राखण कर म्हाराजा, कोणाची वाकडी नजर आसात तर ती दूर कर म्हाराजा." प्रत्येक वाक्यामागे जमलेली माणसे "व्हय म्हाराजा" म्हणत होती, त्यांत सातबाऱ्याची काळजी करणारेही होते. मी रूढींविषयी बऱ्यापैकी संशयी बाई आहे. पण कोणाची, कुठून, कशी, यांतला एकही प्रश्न त्या गाऱ्हाण्यात नव्हता. ती आली आहे आणि तिला राखायचे आहे, एवढेच त्यात होते. न्यायालयाचा आदेशही याहून वेगळे काही सांगत नाही, फक्त तो इंग्रजीत असतो आणि त्यावर कोणी "व्हय" म्हणत नाही.

आपल्याकडे दत्तकाची परंपरा मोठी आहे, असे अभिमानाने सांगितले जाते, पण ती परंपरा बहुतेक सिंहासनांची आहे. झाशीच्या नेवाळकरांचे मूळ गाव लांज्याजवळचे कोट. त्या घराण्यात गंगाधररावांनी 1853 मध्ये मृत्यूच्या आदल्या दिवशी मूल दत्तक घेतले. बडोद्याला 1875 मध्ये, कोल्हापूरला 1884 मध्ये दत्तके झाली आणि सयाजीराव व शाहू हे दोन मोठे राजे महाराष्ट्राला मिळाले. या सगळ्यांत रिकामे होते ते आसन. मूल त्यासाठी शोधले गेले. मुलाला घर नाही म्हणून घर शोधणे, ही दिशा वेगळी आहे, आणि तिची सुरुवात मी पुण्यातल्या एका घरापासून मानते. 1863 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि विधवांनी तिथे गुप्तपणे येऊन सुखरूप बाळंत व्हावे, मूल ठेवावे की न्यावे हे त्यांच्या खुशीवर राहील, असे जाहीर केले. तिथे आलेल्या काशीबाईंचा मुलगा, यशवंत, त्यांनी 1874 मध्ये आपला मानला. शाळा चालवणारी, 1854 मध्येच कविता छापून प्रसिद्ध करणारी, टाकल्या जाणाऱ्या मुलांसाठी दार उघडणारी आणि दत्तक मुलाला डॉक्टर करून त्याच्याच दवाखान्यात प्लेगचे रोगी आणता आणता 1897 मध्ये गेलेली ती बाई, सावित्रीबाई, एकच होती. मला त्या जाहिरातीतल्या 'गुप्तपणे'चे आणि 'खुशीवर'चे फार महत्त्व वाटते. आजच्या साठ दिवसांच्या तरतुदीत जे आहे, ते तिथे दीडशे वर्षांपूर्वी होते: आईची गोष्ट आईकडे राहू देणे.

हे सगळे ठरवून ठेवले तरी बाहेरून दार वाजत राहते. संस्थेला देणगी देणाऱ्यांना 'प्रेरणादायी आई' हवी असते. एका कार्यक्रमाचे आमंत्रण आले, त्यात मी माझ्या दत्तक प्रवासावर बोलावे आणि शेवटी मुलीला मंचावर बोलवावे अशी विनंती होती. गेले असते तर त्या वर्षीच्या बाहुल्यांचा खर्च निघाला असता. मी कायद्यावर बोलते, प्रक्रियेवर बोलते, गावच्या चुलतभावांवर तर आनंदाने बोलते. मुलीला मंचावर आणत नाही, जोवर ती स्वतः काहीतरी करून दाखवायला चढत नाही. हा लेखही तिने वाचला आहे. तिने दोन परिच्छेद काढायला लावले, एका ठिकाणी "ह्या रवांदे" (हे राहू दे) म्हणाली, आणि तिरफळांविषयीचे वाक्य तिच्या आग्रहाने आले आहे. अठरा वर्षांची झाली की आपल्या मुळाचा शोध घेण्यासाठी ती स्वतंत्रपणे अर्ज करू शकेल. त्याआधी करायचा तर दोघींनी मिळून करावा लागेल. कपाटातल्या एका फायलीत त्यासाठी लागणारी कागदपत्रे आहेत आणि फाइल कुठे आहे हे तिला माहीत आहे.

सध्या आम्ही राधेचे नाटक बसवतो आहोत; कर्णाला वाढवणाऱ्या राधेचे. आमच्या भागातल्या कर्णाच्या खेळांत कुंतीला मोठा प्रवेश असतो आणि राधा जवळजवळ नसतेच. पेटी तरंगत येते, राधेचा नवरा अधिरथ ती उचलतो, आणि पुढच्या प्रवेशात कर्ण मोठा झालेला असतो. मधली वर्षे कोणी दाखवत नाही. महाभारताच्या उद्योगपर्वात मात्र कर्ण कृष्णाला ती वर्षे सांगतो. तू कुंतीचा मुलगा आहेस, पांडवांकडे ये, राज्य तुझे आहे, असे कृष्ण म्हणतो, तेव्हा कर्ण जे उत्तर देतो त्यात राजकारण कमी आणि बाळंतिणीची खोली जास्त आहे: माझ्यावरच्या मायेने राधेला तत्काळ पान्हा फुटला, तिने माझे मलमूत्र काढले, अधिरथाने माझे जातकर्म केले, मला नाव दिले; तिचा पिंड मी कसा चुकवू? इतक्या मोठ्या योद्ध्याने युद्धाच्या तोंडावर आपल्या दुपट्यांचा हिशेब दिलेला दुसरीकडे कुठे मला आढळलेला नाही. हेच आमच्या नाटकाचे मध्य आहे. राधेची बाहुली चामड्याची, कर्ण मात्र माणूस, अशी योजना आहे, म्हणजे तो वाढत जातो आणि ती सावलीत तेवढीच राहते.

शेवटावर मात्र एकमत नाही. आमचे एक जुने दशावतारी नट, ज्यांनी आयुष्यभर कुंती केली आणि ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांना शेवटी कुंतीच हवी आहे: युद्ध संपले आहे, नदीकाठी तर्पण चालले आहे, आणि ती मुलांना सांगते की ज्याला तुम्ही मारले तो तुमचा थोरला भाऊ होता. यावर संतापून युधिष्ठिर शाप देतो की यापुढे बायकांच्या पोटात गुपित राहणार नाही. अण्णांच्या मते हा प्रवेश उभा राहिला की मांडवातली एक बाई कोरड्या डोळ्यांनी घरी जाणार नाही, आणि ते खरे आहे. माझे म्हणणे असे की तो शेवट पुन्हा रक्ताच्याच आईकडे नेतो, आणि राधा पुन्हा पडद्याआड जाते.

परवा हा वाद ऐकत मुलगी पडद्याची दोरी ओढून बघत होती. (तिला अभिनय करायचा नाही, तिला दिवे आणि दोऱ्या हव्यात, आणि त्या तिला मिळाल्या आहेत.) ती मध्येच म्हणाली, "पण राधेक कोणी सांगल्यानी काय? कुंती येवन गेली ता?" आमच्यापैकी कोणाच्याही खेळात तो प्रवेश नाही. कर्णाने कृष्णाशी बोलून, कुंतीशी बोलून घरी आल्यावर राधेला काय सांगितले, सांगितले की नाही, तिने विचारले की नाही, हे तिथे बसलेल्या कोणी कधी मंचावर पाहिलेले नव्हते. अण्णांनी पानाचा डबा बंद केला. ते म्हणाले, कर्ण रात्री उशिरा येतो असे धरू, राधा जागी आहे, भात झाकून ठेवला आहे. पुढचे लिहून ठेवू नका, उभे राहून बघू. सोमवारी राधा मी करणार आहे, कर्ण अण्णा, आणि मुलीने सांगितले आहे की दिवा तिच्या बाजूने येईल.